नव्या कॉम्प्युटरला जुना प्रिंटर, वजनकाटा आणि कीबोर्ड कसा जोडायचा

आमचं कांद्याचं आडत दुकान आहे आणि शेजारीच ट्रॅक्टर मोजायचा भुईकाटा. हिशेबाचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर चालायचा आणि चांगला चालायचा. ऐन हंगामात त्याचा मदरबोर्ड गेला. घाईघाईत नवा कॉम्प्युटर आणला, मागची बाजू वळवून पाहिली आणि धस्स झालं. प्रिंटरची रुंद जागा नाही, काट्याच्या वायरची नऊ पिनांची जागा नाही, मॉनिटरची निळी जागाही नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग आणि आत मी हातात तीन वायरी घेऊन उभी.

"ताई, जुनं सगळं भंगारात घाला आणि नवीन घ्या," असा सल्ला तुम्हालाही मिळेल. तो लगेच ऐकू नका. आमच्या हिशेबपट्टीच्या तीन प्रती निघतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची सुई फितीवर ठोका मारते, म्हणून खालच्या दोन कागदांवर कार्बन उमटतो. इंकजेट किंवा लेझरमध्ये ठोकाच नसतो, मग कार्बन उमटणार कुठून? भुईकाट्याची किंमत कॉम्प्युटरच्या कितीतरी पट असते. आणि आमच्या दुकानातल्या अण्णांची बोटं ज्या कीबोर्डवर वीस वर्षं चालली, तो बदलायला सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

हे सगळं नव्या कॉम्प्युटरला जोडता येतं. मला त्यात नऊ दिवस गेले, तुमचे एक-दोन जावेत म्हणून हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: प्लग बसला म्हणजे काम झालं असं नाही. जुना प्रोग्राम यंत्राला एका नावाने हाक मारतो. प्रिंटरला 'एलपीटी१', काट्याला 'कॉम१'. नव्या कॉम्प्युटरमध्ये यंत्र त्याच नावाने सापडलं पाहिजे. माझा अर्ध्याहून जास्त वेळ वायरीत नाही, या नावांत गेला.

हाताशी काय हवं

- मोबाइल, मागच्या बाजूंचे फोटो काढायला
- साधा मल्टीमीटर
- छोटा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर
- चिकटपट्टी आणि मार्कर, वायरींवर नावं लिहायला
- जुन्या प्रोग्रामची मूळ सीडी किंवा फोल्डर, आणि परवाना क्रमांकाचा कागद
- प्रिंटरचं आणि काट्याच्या इंडिकेटरचं (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याचं) माहितीपुस्तक, मिळालं तर
- नव्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डचं मॉडेल. ते बोर्डावरच छापलेलं असतं

कन्व्हर्टर, म्हणजे जुनी वायर नव्या जागेला जोडणारे जोड, या यादीत मुद्दाम घातलेले नाहीत. ते शेवटी घ्यायचे, काय लागणार हे नक्की कळल्यावर. मी आधी घेतले आणि त्यातले तीन अजून खणात पडून आहेत.

१. जुना कॉम्प्युटर चालू असेल तर आधी त्याच्याकडून सगळं लिहून घ्या

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधली यादी, उघडा आणि 'पोर्ट्स' (वायरी लावायच्या जागा) या ओळीखाली काय दिसतं त्याचा फोटो घ्या. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' हा टॅब आहे, तिथे कशावर खूण आहे ते पाहा. कोणता ड्रायव्हर (यंत्राशी बोलणारा छोटा प्रोग्राम) वापरला आहे आणि कागदाचं माप काय ठेवलं आहे, तेही टिपून घ्या.

काट्याच्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी असतात: बॉड रेट (म्हणजे बोलण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट. '९६००, ८, नन, १' किंवा '२४००, ७, इव्हन, १' असं काहीतरी दिसेल. हे चार आकडे म्हणजे काट्याशी बोलायची किल्ली. माझ्याकडे ते नव्हते, कारण कॉम्प्युटर आधीच गेला होता. शेवटी जुन्या हार्ड डिस्कमधून सेटिंगची फाइल शोधून काढावी लागली. तुमचाही कॉम्प्युटर आधीच बंद पडला असेल तर आधी सहावी पायरी करा, मग इथे परत या.

२. यंत्राची पाठ नीट वाचा

प्रिंटरच्या मागे छत्तीस संपर्कांची, दोन्ही बाजूंना तारेचे चिमटे असलेली रुंद जागा असेल तर तो पॅरलल. त्याच वायरीचं कॉम्प्युटरकडचं टोक पंचवीस पिनांचं असतं. इथे एक सापळा आहे. पंचवीस पिनांची जागा सिरियलचीही असायची. जुन्या कॉम्प्युटरवरच्या जागेत भोकं असतील तर ती पॅरलल, पिना बाहेर आलेल्या असतील तर सिरियल. आकार तोच, काम वेगळं.

नऊ पिनांची जागा म्हणजे सिरियल, तांत्रिक नाव आरएस-२३२. काटा, बारकोड वाचक, जुने मोडेम यांची वायर इथे लागायची. पंधरा पिनांची, तीन ओळींची निळी जागा ती व्हीजीए, मॉनिटरची. गोल, सहा पिनांची ती पीएस/२: जांभळी कीबोर्डची, हिरवी माउसची. व्हीजीए आणि पीएस/२ दोन्ही आयबीएमने १९८७ साली पीएस/२ या कॉम्प्युटरांबरोबर आणले. यूएसबी १९९६ मध्ये आलं आणि हळूहळू या सगळ्यांची जागा त्याने घेतली.

आता यंत्राच्या पाठीवरचा कोपरा न् कोपरा पाहा. एप्सनच्या एलएक्स-३००+ या जुन्या मॉडेलला पॅरलल आणि सिरियल आहे. पण नंतरच्या एलएक्स-३००+२ आणि एलएक्स-३१० यांना पॅरलल, सिरियल आणि यूएसबी तिन्ही आहेत. आमच्या ओळखीच्या एका दुकानात एलएक्स-३१० साठी कन्व्हर्टरची शोधाशोध चालली होती. यूएसबीची चौकोनी जागा प्रिंटरच्या मागेच होती, धुळीने झाकलेली. साध्या प्रिंटर केबलने काम झालं.

नव्या कॉम्प्युटरचंही तसंच. बऱ्याच मदरबोर्डांवर कीबोर्ड-माउस दोन्हींसाठी एकच गोल जागा अजून असते, अर्धी जांभळी, अर्धी हिरवी. डेस्कटॉप बोर्डाच्या आत बऱ्याचदा 'कॉम' असं छापलेल्या नऊ पिना उघड्या असतात, फक्त बाहेर आणलेल्या नसतात. माहितीपुस्तकात बोर्डाचं चित्र असतं, ते पाहून मगच बाजारात जा.

आणि हे विसरू नका: पॅरलल, सिरियल आणि पीएस/२ च्या वायरी दोन्ही यंत्रं बंद करूनच लावायच्या-काढायच्या. यूएसबीची सवय लागल्यामुळे आपण चालू यंत्रात वायर खुपसतो. जुन्या पोर्टांना ते सोसत नाही.

३. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर

प्रिंटरला यूएसबी नसेल तर दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: यूएसबी ते पॅरलल वायर. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला छत्तीस संपर्कांचा प्लग, जो थेट प्रिंटरमध्ये बसतो. स्वस्त आहे आणि विंडोजमधून छापायचं असेल तर पुरेसा आहे. पण या वायरीमुळे कॉम्प्युटरमध्ये 'एलपीटी१' तयार होत नाही, हे कुणी सांगत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' अशी ओळ येते आणि पोर्टचं नाव 'यूएसबी००१' असतं. मी दोन दिवस एलपीटी१ शोधत बसले होते.

जुने डॉट मॅट्रिक्स स्वतःची ओळख कॉम्प्युटरला सांगत नाहीत, त्यामुळे विंडोज त्यांना आपोआप जोडत नाही. हाताने जोडा:

- सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडून 'अ‍ॅड डिव्हाइस' दाबा. थोडं थांबलात की हाताने जोडण्याचा पर्याय येतो.
- 'लोकल प्रिंटर, मॅन्युअल सेटिंग' निवडा आणि 'यूज अ‍ॅन एक्झिस्टिंग पोर्ट' मध्ये यूएसबी००१ घ्या.
- ड्रायव्हरच्या यादीत तुमचं मॉडेल शोधा. नसेल तर 'विंडोज अपडेट' हे बटण दाबून यादी भरू द्या. तिला बराच वेळ लागतो, अर्ध्यात बंद करू नका.
- तरीही नाही सापडलं तर प्रिंटर कोणाची नक्कल करतो ते माहितीपुस्तकात पाहा. बरेच डॉट मॅट्रिक्स एप्सनची ईएससी/पी भाषा समजतात. नऊ सुयांच्या प्रिंटरला एप्सनचा नऊ सुयांचा ड्रायव्हर, चोवीस सुयांच्याला एलक्यू मालिकेतला. यांची अदलाबदल केलीत तर अक्षरं ताणलेली किंवा चेपलेली येतात.

शेवटचा उपाय म्हणजे 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर. तो विंडोजमध्येच असतो आणि झपाट्याने छापतो. पण त्यातून मराठी छापता येत नाही. तो प्रिंटरला अक्षरांचे नुसते संकेत पाठवतो आणि प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसते, मग नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. शेतकऱ्याचं नाव मराठीत हवं असेल तर मॉडेलचा खरा ड्रायव्हरच हवा. तो अक्षर चित्रासारखं ठिपक्यांनी काढतो. वेग कमी होतो, पण पट्टी वाचता येते, आणि ज्याच्यासाठी छापायची त्यालाच वाचता आली नाही तर छापून उपयोग काय?

एखाद्या सकाळी अचानक छपाई थांबली, रांगेत पट्ट्या साचल्या, तर आधी पाहा की कुणी झाडताना वायर काढून दुसऱ्या यूएसबीत लावली का. जागा बदलली की पोर्ट यूएसबी००२ होऊ शकतो आणि प्रिंटर अजून यूएसबी००१ वरच वाट पाहत असतो. प्रॉपर्टीजच्या 'पोर्ट्स' टॅबमध्ये खूण बदलली की साचलेल्या पट्ट्या निघू लागतात.

दुसरा रस्ता: मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारं पॅरलल कार्ड. हे खरा एलपीटी पोर्ट देतं. ज्यांच्या सॉफ्टवेअरचं कुलूप पॅरलल पोर्टात लावायच्या डोंगलमध्ये आहे, त्यांनी हाच रस्ता धरायचा, कारण यूएसबी ते पॅरलल वायर फक्त प्रिंटरशी बोलते, डोंगलशी नाही. कार्ड घेताना तीन गोष्टी पाहा. जुन्या कॉम्प्युटरमधलं लांब खाचेचं पीसीआय कार्ड नव्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसत नाही. तुमचा डबा अरुंद असेल तर आखूड पट्टी सोबत मिळते का ते विचारा. आणि जुना पोर्ट ३७८ या पत्त्यावर असायचा, कार्डाचा पत्ता बहुधा वेगळा येतो. त्या पत्त्यावर थेट लिहिणाऱ्या फार जुन्या प्रोग्रामांना कार्ड सापडत नाही.

४. प्रोग्राम डॉसमधला असेल तर

बऱ्याच दुकानांत आणि पतसंस्थांत डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले हिशेबाचे प्रोग्राम वर्षानुवर्षं चालले. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांचं येतं आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचा डॉस प्रोग्राम उघडतच नाही. विंडोज १० चं बत्तीस बिटांचं रूप असे प्रोग्राम चालवायचं, पण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून त्याच्या भरवशावर नवी मांडणी करू नका. डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस यांपैकी एक घ्या. दोन्ही डॉसचं वातावरण तयार करतात आणि दोन्हींत एलपीटी१ वर गेलेली छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवायची सोय आहे.

प्रोग्राम बत्तीस बिटांचा असेल, विंडोजमध्ये उघडत असेल, पण एलपीटी१ लाच छापायचा हट्ट धरत असेल, तर प्रिंटर 'शेअर' करून त्याला एलपीटी१ हे नाव देता येतं. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या 'शेअरिंग' टॅबमध्ये त्याला छोटं नाव द्या, मध्ये जागा न सोडता, इंग्रजीत. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत 'नेट यूज एलपीटी१' असं लिहा. पुढे दोन उलट्या तिरक्या रेघा, कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ, शेअरचं नाव. शेवटी जागा सोडून सरळ तिरकी रेघ आणि 'पर्सिस्टंट', मग अपूर्णविराम आणि 'यस', म्हणजे कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावरही ते टिकतं. प्रॉम्प्ट साधाच उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून नको. तसा उघडून दिलेलं नाव तुमच्या रोजच्या प्रोग्रामला दिसत नाही, आणि सगळं बरोबर करूनही छपाई होत नाही. मी हीच चूक चार वेळा केली.

५. कागदाचं माप

प्रिंटर छापतोय, पण प्रत्येक पट्टीनंतर अर्धा कागद कोरा निघतोय किंवा दुसरी पट्टी छिद्ररेषेच्या खालीवर सरकतेय? विंडोजला वाटतंय की कागद ए४ आहे. आपला अखंड कागद दहा बाय बारा इंच, आणि अर्धी पट्टी असेल तर दहा बाय सहा.

'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मध्ये खाली 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' आहे. तिथे 'क्रिएट अ न्यू फॉर्म' वर खूण करा, नाव द्या, इंचात माप भरा, समास शून्य ठेवा, जतन करा. मग प्रिंटरच्या 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' मध्ये आणि प्रोग्राममध्ये, दोन्ही ठिकाणी तोच फॉर्म निवडा. एकाच ठिकाणी निवडलात तर दहा-बारा पट्ट्यांनी पुन्हा घसरण सुरू होते.

६. जुन्या हार्ड डिस्कमधून माहिती काढणं

सन २००५ च्या आसपासच्या कॉम्प्युटरमध्ये रुंद पट्टीच्या वायरीची, चाळीस पिनांची आयडीई डिस्क असू शकते. त्यानंतरच्यांत बहुतेक साटा. दोन्ही जोडणारा 'यूएसबी ते आयडीई-साटा' अ‍ॅडॅप्टर मिळतो. साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, म्हणून अ‍ॅडॅप्टरसोबत चार्जर आहे ना ते पाहून घ्या. आयडीई डिस्कच्या मागचा छोटा जम्पर 'मास्टर' वर असू द्या. 'फॉरमॅट करायचं का' असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणा, काहीही झालं तरी. सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय जुनीला हात लावू नका.

७. वजनकाटा

इथे सावकाश जा. चुकलं तर छपाईचा घोटाळा नाही होत, वजनाचा होतो.

इंडिकेटर उघडू नका. त्यावर वैध मापन खात्याचं सील असतं. ते तुटलं तर २००९ च्या वैध मापन शास्त्र अधिनियमाखालची पडताळणी पुन्हा करून घ्यावी लागते. आपलं सगळं काम बाहेरच्या वायरीपासून कॉम्प्युटरपर्यंत.

इंडिकेटरचं आउटपुट कोणतं आहे ते माहितीपुस्तकात पाहा. बहुतेकांचं आरएस-२३२ असतं. काहींचं आरएस-४८५ किंवा २० मिलिअ‍ॅम्पिअर करंट लूप असतं, त्यांना वेगळा कन्व्हर्टर लागतो.

आरएस-२३२ असेल तर यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर घ्या. वरून सगळे सारखे दिसतात, फरक आतल्या चिपचा. एफटीडीआय, सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२, सीएच३४० आणि प्रोलिफिकची पीएल२३०३ या नेहमी दिसणाऱ्या चिप. पीएल२३०३ च्या जुन्या चिपना नवा ड्रायव्हर ओळख देत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो आणि ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे असा मजकूर दिसतो. मला एका दुकानातून असाच मिळाला होता, 'विंडोज ११ ला चालेल' असं डब्यावर छापलेलं असूनही. एफटीडीआय चांगली, पण तिच्या नकला फार, आणि २०१४ मध्ये आलेल्या एका ड्रायव्हरने तर नकली चिप निकामीच केल्या होत्या. म्हणून चिपचं नाव विचारून, बिल घेऊन, परत करायची बोली करूनच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे चिपचं नाव सांगून वस्तू मागता येते.

उघड्या हिरव्या बोर्डाचे, चार-पाच पिनांचे स्वस्त कन्व्हर्टर काट्याला चालत नाहीत. ते ३.३ किंवा ५ व्होल्टवर काम करतात. आरएस-२३२ मध्ये अधिक-उणे पंधरा व्होल्टपर्यंत संकेत येतो, त्याने ते जळतात.

आता क्रम असा ठेवा.

आधी कन्व्हर्टर एकटाच तपासा, काटा न लावता. नऊ पिनांच्या टोकावर दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा. पुटी नावाचा छोटा, फुकट प्रोग्राम घ्या, त्यात 'सिरियल' निवडून डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम नंबर घाला आणि काहीही टाइप करा. अक्षरं पडद्यावर उमटली आणि तार काढल्यावर उमटायची थांबली, तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक.

मग काट्याच्या वायरीचं टोक मल्टीमीटरने पाहा. काळा खिळा पाच नंबरच्या पिनेवर, लाल आधी दोनवर, मग तीनवर. ज्या पिनेवर काही व्होल्टचा उणे आकडा येतो, तिच्यावरून काटा बोलतो आहे. काटा सतत वजन पाठवत असेल तर आकडा थरथरतो, पण दुसऱ्या पिनेहून वेगळा लगेच कळतो. बोलणारी पिन दोन नंबरची असेल तर वायर सरळ लावा. तीनची असेल तर मध्ये 'नल मोडेम' नावाचा छोटा जोड घाला, तो दोन आणि तीनची अदलाबदल करतो. हा जोड न घालता मी अख्खा दिवस ड्रायव्हर बदलत बसले होते.

आता पुटीमध्ये बॉड रेट वगैरे भरून काटा पाहा, 'फ्लो कंट्रोल' नन ठेवा. आकडे सरळ वाहू लागले तर झालं. खुणा आणि चौकोन दिसले तर बॉड रेट चुकला आहे: १२००, २४००, ४८००, ९६०० असे एकेक करून पाहा. काही अक्षरं बरोबर आणि काही विचित्र आली तर सात बिट, इव्हन पॅरिटी करून पाहा. काहीच आलं नाही तर वायर.

शेवटी नाव. जुन्या काट्याच्या प्रोग्रामांत बऱ्याचदा कॉम१ ते कॉम४ एवढेच पर्याय असतात आणि नव्या कॉम्प्युटरने कन्व्हर्टरला कॉम७ दिलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट सेटिंग्ज', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड', तिथे नंबर बदला. हवा तो नंबर 'इन यूज' दिसला तर 'व्ह्यू' मधून लपलेली यंत्रं दाखवा आणि पूर्वी लावून काढलेले कन्व्हर्टर पुसून टाका. सीएच३४० सारख्या चिपना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे यूएसबीची जागा बदलली की कॉम नंबरही बदलतो. एकच जागा ठरवा आणि तिच्याशेजारी मार्करने 'काटा' लिहा.

रोज सकाळी काटा दिसेनासा होत असेल तर कॉम्प्युटर झोपल्यावर यूएसबीचा पुरवठा बंद होतो आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' च्या 'पॉवर मॅनेजमेंट' मधली खूण काढा आणि कॉम्प्युटरचं 'स्लीप' बंद ठेवा.

मदरबोर्डावरच्या 'कॉम' पिना वापरायच्या असतील तर त्यांना लागणारी पट्टी घेताना जपा. या पिनांच्या मांडणीचे दोन प्रकार आहेत. बोर्डाच्या माहितीपुस्तकातल्या चित्राशी पट्टीची जोडणी ताडून घ्या.

आणि अर्थिंग. काट्याची वायर बाहेरून, लांबून येते. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तो झटका त्या वायरीतून कॉम्प्युटरपर्यंत येऊ शकतो. काटा आणि कॉम्प्युटर दोन्हींना एकच, तपासलेलं अर्थिंग द्या, आणि मध्ये 'ऑप्टिकल आयसोलेटर' (संकेत प्रकाशातून पुढे देऊन झटका अडवणारा भाग) असलेला कन्व्हर्टर बसवा. थोडे पैसे जास्त जातात. आमचा जुना मदरबोर्ड ज्या रात्री गेला, त्या रात्री वादळ होतं. नक्की कारण कळलं नाही, पण मी आयसोलेटर बसवला.

८. कीबोर्ड

टीव्हीएस गोल्डसारखे खटखट वाजणारे कीबोर्ड अनेक दुकानांत आणि टायपिंगच्या वर्गांत अजून आहेत. बोर्डावर गोल जागा असेल तर कॉम्प्युटर बंद करून लावा, काम झालं. नसेल तर यूएसबीचा जोड घ्या, पण अंगठ्याएवढा प्लग नको. त्यात नुसत्या तारा असतात, आणि जो कीबोर्ड पीएस/२ आणि यूएसबी दोन्ही भाषा बोलतो त्यालाच तो चालतो. जुन्याला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. त्याला साधारणपणे एक छोटी वायर आणि कीबोर्ड-माउस अशा दोन गोल जागा असतात. त्याहून जुना, पाच जाड पिनांचा कीबोर्ड असेल तर आधी पाच पिना ते पीएस/२ हा साधा जोड, मग कन्व्हर्टर.

९. मॉनिटर

नव्या कॉम्प्युटरला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट, जुन्या मॉनिटरला व्हीजीए. एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अ‍ॅनालॉग, म्हणून मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर हवाच, नुसती वायर चालत नाही. दिशा तपासा: 'एचडीएमआय ते व्हीजीए' हवा. 'व्हीजीए ते एचडीएमआय' दिसायला तसाच असतो आणि उलटा चालत नाही.

जुन्या सतरा इंची चौकोनी मॉनिटरला बहुधा १२८० बाय १०२४ हे माप लागतं, तेच निवडा, नाहीतर अक्षरं अंधूक दिसतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे, त्यांच्यात आतलं ग्राफिक्स नसतं. तिथे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही.

१०. स्कॅनर

यूएसबीचा जुना स्कॅनर जागेत बसतो, पण विंडोज त्याला ओळखत नाही. इथे अडचण वायरीची नसते, चौसष्ट बिटांचा ड्रायव्हर निघालेलाच नसतो. व्ह्यूस्कॅन नावाचा विकतचा प्रोग्राम अनेक जुन्या स्कॅनरांशी स्वतःच बोलतो. त्याची चाचणी आवृत्ती आधी लावून पाहा, मगच पैसे भरा. पैसे खर्चायचे नसतील तर लिनक्सची पेनड्राइव्ह बनवा आणि तिच्यावरून कॉम्प्युटर चालू करून पाहा, जुन्या स्कॅनरांना तिथे बरा आधार आहे.

ड्रायव्हर शोधताना 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' अशा जागी जाऊ नका. उत्पादकाचं संकेतस्थळ किंवा विंडोज अपडेट, बास. आणि जुन्या ड्रायव्हरसाठी विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण बंद करा असं कुणी सांगितलं, तर बँकेचे व्यवहार होणाऱ्या कॉम्प्युटरवर तसं करू नका.

११. पहिले आठ दिवस

सगळं जोडून झाल्यावर एक दिवस शांतपणे चाचणी घ्या, गर्दीच्या दिवशी नको. काट्यावर एकच वजन ठेवून इंडिकेटरवरचा आकडा, प्रोग्राममधला आकडा आणि छापलेल्या पट्टीवरचा आकडा, तिन्ही ताडून पाहा. मग काटा रिकामा करून पुन्हा. बॉड रेट बरोबर असूनही प्रोग्राम आकड्याचा एखादा अंक खाऊ शकतो, आणि ते तीन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आठ दिवस प्रत्येक दहावी पट्टी हाताने तपासा, हातपावतीचं पुस्तक जवळ असू द्या.

मग मागच्या प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावा: कोणत्या यंत्राची, कोणत्या पोर्टची, कॉम नंबर किती, बॉड रेट किती. आमच्याकडे तोच मजकूर एका कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. पुढचा मदरबोर्ड जाईल तेव्हा डबा उघडणाऱ्याला तो पहिला दिसेल.